गळ्यातली चावी

आमचे हे भित्रे आहेत, असं मी अख्ख्या गल्लीला सांगत आले. पाल दिसली की पलंगावर चढतात. दाढी करताना जरा कापलं की गाल धरून माझ्यासमोर येऊन उभे राहतात. असा माणूस गाड्या दुरुस्त करून संसार चालवतो, यावर माझ्या माहेरी कुणाचा विश्वास बसत नव्हता. पण इंजिनात हात घालणाऱ्याला भीती हवीच, असं यांचं म्हणणं, आणि त्याला कारण होते यांचे उस्ताद.

उस्तादांकडे हे काम शिकले. एकदा उस्तादांचा हात पंख्याच्या पट्ट्यापाशी होता आणि गाडीच्या मालकाला धीर निघेना. झालं का काम, बघू तरी, म्हणून त्याने चावी फिरवली. उस्तादांची दोन बोटं गेली. हे शेजारीच पाना धरून उभे होते. त्या दिवसापासून यांनी नियम केला: ज्याचा हात इंजिनात, चावी त्याच्या गळ्यात. जाड सुती दोरीत गाडीची चावी अडकवायची, दोरी गळ्यात घालायची आणि मगच बॉनेटखाली वाकायचं.

आमच्या गॅरेजमध्ये माझी जागा ड्रायव्हरच्या सीटवर. ब्रेक दाबून धर, क्लच सोड, दिवे लाव, हे सगळं मी करायचं. इंजिन चालू करायची वेळ आली की हे खिडकीशी यायचे, दोरी गळ्यातून काढून चावी माझ्या हातात द्यायचे, पुढे जाऊन दोन पावलं लांब उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "मार." मी स्टार्टर मारायचा. बंद केलं की चावी परत यांच्या गळ्यात. दिवसातून वीसदा हेच.

"अहो, मी काय चावी घेऊन पळून जाणार आहे का?" मी चिडून विचारायची.

"पळालीस तरी चालेल," हे म्हणायचे. "फिरवू नकोस म्हणजे झालं."

गल्लीत यांचं नाव चावीवाले मिस्त्री पडलं. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, "वहिनी, आंघोळीलाही चावी घालूनच जातात का हो?" मी म्हटलं, "तुम्हीच आत जाऊन बघा आणि मलाही सांगा." पुन्हा त्याने विचारलं नाही. सव्वीस वर्षं अशी गेली, आणि यांच्या हाताला दहाच्या दहा बोटं राहिली.

त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत नव्या गाड्या येऊ लागल्या. जुनी गाडी दुखलं-खुपलं की कण्हायची, धूर सोडायची, खाली तेलाचा डाग पाडायची. हे लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावायचे, दुसऱ्या टोकाला कान, आणि कुठल्या कोपऱ्यात काय खडखडतंय ते सांगायचे. नवी गाडी घुम्यासारखी उभी राहते आणि एक पिवळा दिवा लावते. बॉनेट उघडलं तर वर प्लॅस्टिकचं झाकण. स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा कुठे? आम्ही गाडीतला बिघाड वाचून दाखवणारा स्कॅनर घेतला. तो यांना झेपेना, म्हणून तो मी शिकले. गाड्यांच्या माहितीपुस्तिकाही मीच वाचायची आणि महत्त्वाच्या पानाचा कोपरा दुमडून टेबलाच्या खणात ठेवायची. हे मला चेष्टेने "इंजिनीअरीणबाई" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपली नवी गाडी आणून लावली. ब्रेकचं पेडल कडक लागतं, ही तक्रार. त्यांनी दिलेल्या चावीला पातंच नव्हतं, नुसता साबणाच्या लहान वडीएवढा काळा ठोकळा. "बटण दाबून चालू होते," असं सांगून त्या दवाखान्यात परत गेल्या. यांनी तो ठोकळा कडीने दोरीत अडकवला, दोरी गळ्यात घातली आणि बॉनेट उघडलं. मी सीटवर बसले.

"ब्रेक दाबून धर," हे म्हणाले.

मी धरला. बॉनेट वर असल्यामुळे खालच्या फटीतून मला यांचा फक्त शर्ट दिसत होता.

"अगं, पट्ट्याला चीर पडल्यासारखी वाटतेय. हात घालून बघतो. तू पाय काढू नकोस."

मला रिकामं बसवत नाही, हा माझा जुना दोष. पाय अडकला तरी हात मोकळे होते. समोर धूळ होती, खांद्यावर फडकं होतं. स्टिअरिंग पुसलं, काच पुसली, मग ते गोल बटण पुसलं. जरा दाबूनच पुसलं, कारण कडेला मळ होता. चावी यांच्या गळ्यात होती. चावी यांच्या गळ्यात असली की गाडी मेलेली असते, हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं.

सीटखाली बारीकशी थरथर झाली. इंजिन चालू झालं होतं.

पाय तसाच ब्रेकवर, हातात फडकं. बंद कसं करायचं? जुन्या सवयीने हात चावी शोधायला स्टिअरिंगखाली गेला, तिथे काहीच नव्हतं. मग तेच बटण पुन्हा दाबायचं हे सुचलं. इंजिन थांबलं. पण फटीत आता शर्ट दिसत नव्हता.

"अहो," मी म्हटलं. "अहो!"

दार उघडलं. गाडीला धरून धरून पुढे गेले. हे भिंतीला टेकून उभे होते, उजवा हात छातीशी, डाव्या हाताने घट्ट झाकलेला. मी तो डावा हात ओढून काढला आणि बोटं मोजली. पाच. परत मोजली. पाचच.

वाकल्यावर तो जड ठोकळा लोंबायला लागला होता. पट्ट्यात अडकेल म्हणून यांनी हात बाहेर काढला आणि ठोकळा शर्टाच्या आत खुपसला. तेवढ्यात इंजिन फिरलं. एवढाच काय तो वेळ मध्ये होता.

"चावी माझ्या गळ्यात आहे," हे ठोकळा वर धरून मला दाखवत होते. "ही बघ. माझ्याच गळ्यात आहे. मग चालू कशी झाली?"

मला कळलं होतं. खणात पुस्तिका होती, मीच कोपरा दुमडलेलं पान होतं: चावी गाडीजवळ असेल तर ब्रेक दाबून बटण दाबल्यावर इंजिन सुरू होऊ शकते. मी ते वाचलं होतं. किती सोय झाली, असंही मनात म्हटलं होतं. यांच्या गळ्यातल्या दोरीचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मोठी इंजिनीअरीणबाई!

मी पान आणून वाचून दाखवलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी फक्त विचारलं, "म्हणजे गेली दोन वर्षं, बटणाच्या जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्या..." आम्ही दोघांनी मनातल्या मनात गाड्या आठवायला सुरुवात केली आणि दोघंही थांबलो. प्रत्येक गाडीत मी सीटवर होते.

आता नवा नियम आहे. बटणाची गाडी आली की चावी मी घ्यायची, रस्ता ओलांडायचा आणि शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. मी हात वर केला की मगच यांचा हात आत जातो. शिंपी विचारतो, "वहिनी, भांडण झालंय का?" लांबून मला फक्त यांची वाकलेली पाठ दिसते. चावी माझ्याकडे असते, गाडी सुरू होणं शक्य नसतं, तरी मी मूठ सैल सोडत नाही. पूर्वी घाबरायचं काम यांच्याकडे होतं. आता ते मी जास्त करते.

सीटवर मात्र मी बसेना. तीन महिने ब्रेक दाबायला हे कुणाला ना कुणाला हाका मारत होते.

मग परवा एक जुनी गाडी आली. पातं असलेली चावी, तेल गळतंय, इंजिन खडखडतंय. यांचा चेहरा किती दिवसांनी खुलला. यांनी सवयीने चावी दोरीत अडकवली आणि मला हाक मारली.

"ये, बस. ही आपल्यातलीच आहे."

"नाही बसणार."

"अगं, हिला बटण नाही."

"नसू दे. मी नाही बसणार."

हे जवळ आले. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले ते यांनी बघितलं. गळ्यातली दोरी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. सव्वीस वर्षांत हात आत घालायच्या आधी यांनी ती कुणालाही दिली नव्हती, उस्ताद भेटायला आले तेव्हा उस्तादांनाही नाही.

"अहो, नियम..."

"असू दे तुझ्याकडेच. बस."

मी बसले. ब्रेक दाबला. फटीत यांचा शर्ट दिसला, मग खांदा वाकला आणि हात आत गेला. चावी माझ्या छातीवर होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांवर बसून राहिले. काम संपवून हे खिडकीशी आले, "झालं" म्हणाले, तेव्हा हातांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की दोरी यांनाच काढून घ्यावी लागली.