जाळ्यातलं कासव

दर रविवारी सकाळी आमचा दहा-बाराजणांचा गट इंदुरीला इंद्रायणीच्या काठावर प्लास्टिक, निर्माल्य आणि पाण्यात सोडलेले कपडे गोळा करतो. मी तळेगावहून जाते. ह्यांना बरोबर नेऊ लागले ते नाइलाज म्हणून. झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलं होतं आणि घरी एकटं ठेवायची मला भीती वाटे. गाडी बाभळीच्या सावलीत लावायची, काचा खाली करायच्या, ह्यांच्या मांडीवर पेपर ठेवायचा आणि मी पाण्याकडे निघायचं. पेपरचं पान उलटलेलं कधी दिसलं नाही.

काठावर गावातल्या एक मावशी धुणं धूत असत. दोन-तीन रविवार त्यांनी हे पाहिलं आणि मग मला अडवलं.

"अवो ताई, ह्यांना गाडीत कशापायी कोंडलंय?"

"त्यांना बरं नाही मावशी. हात चालत नाही."

"एक चालतो न्हवं?"

मावशींनी देवळातली खुर्ची आणली, ह्यांना धरून बसवलं आणि पुढ्यात निर्माल्याचं पोतं रिकामं केलं. "आबा, फुलं हितं, दोरे न् पिशव्या तितं. फुलांचं खत करत्यात ही पोरं."

मी मध्ये पडणार होते, पण ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. जन्मभर कारखान्याच्या टूलरूममध्ये बारीक कामं केलेला माणूस. पहिल्या दिवशी हार गुडघ्यांत धरून त्याचा दोरा सोडवायला त्यांना अर्धा तास लागला. मी लांबून बघत राहिले. मदतीला गेले नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी गटातल्या दोन मुलींनी जलपर्णीतून एक फाटकं जाळं ओढून काढलं. त्यात ताटाएवढं कासव अडकलं होतं. नायलॉनचे धागे मानेत आणि एका पायात रुतले होते. मुली घाबरून धागे ओढू लागल्या, तसा फास आणखी आवळला.

"थ... थांब."

आवाज कुणाचा, ते मला आधी कळलंच नाही. कित्येक महिन्यांत ह्यांच्या तोंडून मी एक लांब 'आ' सोडून काही ऐकलं नव्हतं.

मावशींनी कासवाच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकलं. "चावतंय हे, बोट तोडंल," म्हणत त्यांनी ते ह्यांच्या खुर्चीपुढे आणून दाबून धरलं. कुणीतरी छोटी कात्री दिली. ह्यांनी लगेच कापायला घेतलं नाही. डाव्या हाताच्या नखाने एकेक धागा उचलून कुठला ताणलाय ते पाहिलं. मग हनुवटीने मला खूण केली. ते दाखवतील तो धागा मी वर धरायचा, त्यांनी कापायचा. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला तेव्हा मी पदराने टिपला. त्यांनी टिपू दिला.

पाय सुटला, मग मानेतला शेवटचा धागाही निघाला. कातडी थोडी कापली होती, पण कासव पाय झाडत होतं. मावशींनी उथळ पाण्यात नेऊन ठेवलं. ते थोडा वेळ तसंच बसून राहिलं आणि मग एकदम दिसेनासं झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हे खुर्चीत बसून रडत होते. मी पुढे झाले, तर मावशींनी माझा हात धरला.

"रडू द्या ताई. लय दिसांचं असंल."

त्यानंतर बोलणं फार परत आलं असं नाही. 'चहा' आला, 'पाणी' आलं. मावशी दिसल्या की त्यांना हाक म्हणून 'ताई' येतं, आणि मावशी म्हणतात, "व्हय आबा, आले." माझं नाव मात्र अजून अर्ध्यावरच अडतं. उरलेलं ते माझ्या मनगटावर बोटांनी थोपटून पुरं करतात.