तिसऱ्या खांबाजवळचं भाषण

आमच्या गावात माणूस गेला की लाकडं, गोवऱ्या, मडकं आणि दादा एवढं लागतंच. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. चितेला अग्नी दिला की पुढारी चार शब्द बोलून गाडीत बसतात. मग दादा स्मशानातल्या शेडच्या तिसऱ्या खांबाला टेकतात, घसा खाकरतात आणि श्रद्धांजली वाहतात. त्यांच्या भाषणात मेलेला प्रत्येक माणूस हसतमुख आणि मनमिळाऊ असतो. ज्याने सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता, तोही मनमिळाऊ निघाला. भाऊ समोर बसून मान डोलवत होता.

स्मशानभूमी आता बसस्टँडपेक्षा बरी झाली आहे. झाडं आहेत, बाकडी आहेत, कंपाउंडची भिंत परळीच्या वीज केंद्रातल्या राखेच्या विटांची आहे. सकाळी बायासुद्धा फिरायला येतात. अंत्यविधीला मात्र बायकांनी जायचं नाही. आई घरी थांबून आंघोळीचं पाणी तापवते. दादांची आंघोळ होईपर्यंत त्यांचं भाषण गल्लीतून तिच्या कानावर आलेलं असतं.

मग शेजारच्या काकू गेल्या. नालीच्या पाण्यावरून आईचं आणि त्यांचं जन्मभर वाजलं. दादांनी त्यांना साक्षात अन्नपूर्णा करून टाकलं, वर त्यांच्या हातच्या वरणाची वाहवा केली. संध्याकाळी आईने ताट दाणकन आपटलं.

"तिच्या वरणाची चव तुमाला कशी म्हाईत?"

"अगं, बोलावं लागतं. माणूस गेल्यावर चांगलंच बोलायचं असतं."

"आन् आसल्यावर?"

दादांनी भाकरी मोडली.

"मी गेल्यावर बी लई बोलताल. ऐकायला मी कुठं आसणार? माझ्याबद्दल काय बोलायचं ते मला आदी ऐकायचं हाय."

आम्ही हसलो. आई हसली नाही. त्या दिवसापासून ती दादांना वाढायची, पण त्यांच्याशी एक शब्द बोलेना. आमच्या घरात आई गप्प म्हणजे आक्रीतच. हिला खरोखर ऐकायचं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं आणि वाईट वाटलं.

एका सकाळी दादांनी भाषणाचा पांढरा सदरा घातला आणि आईला म्हणाले, "चल, फिरायला." तमाशा चुकू नये म्हणून मीही मागे गेलो. स्मशानात चिता नव्हती, माणूसही नव्हता. आई पदर सारखा करून बाकड्यावर बसली. दादा तिसऱ्या खांबाला टेकले, खाकरले.

"बंधू-भगिनींनो..."

"मी भगिनी न्हाई. बोला."

"हसतमुख," दादा म्हणाले, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तो शब्द सोडून दिला. "मनमिळाऊ..." तोही सोडला. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. गावभर बोललेला माणूस घामाघूम झाला. मग खाली बघत हळूच म्हणाले,

"मी इथून कितीदा घरी आलो. भाषण कितीही लांबलं तरी पाणी कढत असायचं. ही कितीदा चूल पेटवत असेल, मी विचारलं नाही. इथून निघताना मला एकाच गोष्टीची भीती वाटते. एक दिवस घरी जाईन आणि पाणी गार असेल."

आणि लगेच सवयीने दादा बोलून गेले, "आता दोन मिनिटं स्तब्ध..."

"कावून? मी जित्ती हाय!" आईने पदराने डोळे पुसले. "चला घरी. स्मशानातून चाललोत, आंघोळ करावी लागंल. आज पाणी तुमी तापवा."

दादांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. धुराने गल्ली भरली, शेजारी बघायला आले. तरी पाणी जेमतेम कोमट झालं. मी बोट घालून बघितलं होतं. आई बादली घेऊन न्हाणीत गेली. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा आवाज.

"लई कढत तापवलंय, बरं का!"