क्लासच्या पोटातली यादी

खोटं कशाला बोलू, तिचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायचं. चिकलठाण्यात कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहून देणारं आमचं छोटं ऑफिस. मी तिथं सात वर्षं घासत होतो, आणि ही पडेगावची पोरगी चार महिन्यांपूर्वी आलेली. मला दादा म्हणायची. त्या महिन्यात साहेब टीमचा मुख्य नेमणार होते. ती जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो.

बोल्टच्या मापांची माझी यादी वेगळ्या फाईलीत असायची. फाईल कुणी हलवली की प्रोग्राम बंद. तिनं काय केलं, ती अख्खी यादी रकाने पाडून, बोल्टच्या क्लासच्या, म्हणजे बोल्टचा हिशेब करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, पोटातच ठेवली. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले असतात ना, तसं. मापं आणि ती वापरणारा कोड एकाच जागी. साहेब म्हणाले, हे आपल्याला आजवर सुचलं कसं नाही? 'आपल्याला' म्हणजे मला. लई झोंबलं.

तिचा कोड तपासायला माझ्याकडंच आला. डोळ्यांत तेल घालून चुका शोधल्या, आणि सापडली की एक! आमच्याकडं मिस्त्री बोल्ट सुतावर मोजतात, आठ सुतांचा एक इंच. तिच्या यादीत तीन सुतापुढं दोन सुताचंच माप होतं. मी 'ठीक आहे' असा शेरा मारला. म्हटलं, पडू दे तोंडावर.

आठवड्यात कारखान्यातून तक्रार आली. तीन सुताच्या जागी बारीक बोल्ट गेले होते, काम अडलं होतं. साहेबांनी दोघांना बोलावलं. ते फोनवर असताना तिनं स्क्रीनवर यादी उघडली. सगळ्यात वर टीप होती: 'मूळ यादी दादांची, जशीच्या तशी.' ती ओळ मी वाचलीच नव्हती. चूक माझी होती, जुनी. तोवर तीन सुताचा बोल्ट कुणी मागितलाच नव्हता, म्हणून झाकून राहिलेली.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि साहेबांनी फोन ठेवायच्या आत टीप दिसणार नाही इतकी यादी सरकवली.

"चूक माझी हाय, साहेब. उतरवून घेताना मी तपासलं नाय."

मी तोंड उघडलं नाही. महिनाअखेर जागा मला मिळाली. माप तिनं तेव्हाच सुधारलं, टीप मात्र तशीच ठेवली. नवी पोरं विचारतात, दादा, ही यादी तुमची का? मी व्हय म्हणतो.