दोन चिंचांचं रान

वडील सोमवारी सकाळी गेले. त्यांना वाढवणाऱ्या त्यांच्या आजीचं नाव मला कधी कळलं नव्हतं. ते तिला नुसतं ‘माय’ म्हणत. ते नाव विचारायला मी त्यांच्या गावी गेलो. भावकीतल्या म्हाताऱ्यानं “आता कुणाला आठवतंय” म्हणत हात झटकले. मी परत निघालो.

घनसावंगीच्या जीपमध्ये समोर एक धनगर बाई बसल्या होत्या. कुणी वयस्कर माणूस चढला की पदर सारखा करून विचारत, “दादा, तुमच्या रानात पूर्वी मेंढ्या बसायच्या का? दोन चिंचा होत्या बांधावर?”

“मावशी, रान इकत घेता का?” ड्रायव्हर हसला.

“इकत कशाला? माझी माय जल्मली ते रान शोधून राह्यले. आमचं गाव न्हाई. मेंढ्या बसल्या, ते आमचं. मायनं जाताना चिंचा सांगितल्या.”

“तोडल्या असतील आता.”

“मंग? माणसं हायेत ना. इचारते.”

पुढच्या वस्तीवर त्या उतरल्या. मीही उतरलो आणि गावाकडं परत जाणाऱ्या जीपला हात केला.

भावकीतल्या त्या म्हाताऱ्याच्या बहिणीला नाव आठवत होतं.

त्या बाईंना रान सापडलं का, मला माहीत नाही. वडिलांच्या आजीचं नाव ठकूबाई. तिचं माहेर विचारायला येत्या रविवारी जायचं आहे.