नानांची टीम, लकीचा पगार आणि मी

जिंकणाऱ्या टीमकडे कपाटभर ढाली साठतात, हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्याकडे तर आता किस्से ठेवायला जागा नाही! पिंप्राळ्यात चहाच्या टपरीवर मी स्कूटर लावली की कोणीतरी म्हणतंच, "विजूभाऊ, होऊन जाऊ द्या एखादा!" मग लोक पोट धरून हसतात. हसा बाबांनो, तुमचं काय जातंय? त्यातल्या प्रत्येक किश्श्यात गोलमध्ये मी उभा होतो.

मी गोलकीपर. आमच्या जळगावच्या हॉकी टीमचा, 'तापी तुफान'चा. राज्याच्या लीगमध्ये आम्ही पगारी खेळतो. माझी पस्तिशी उलटली आहे. या वयाच्या गोलकीपरला दुसरी टीम दारातसुद्धा उभी करत नाही. म्हणजे ही टीम आहे तोवर माझा पगार, घराचा हप्ता आणि मुलीची शाळा. टीम गेली की बसा टपरीवर दिवसभर! म्हणून मला दोनच गोष्टींची भीती वाटते. एक समोरून येणारा चेंडू, दुसरा मालकाचा फोन. त्यातल्या त्यात चेंडूची जरा कमी.

*

आमचे मालक म्हणजे नाना. रावेरकडचे केळीचे मोठे व्यापारी. आधीचे मालक हरून हरून कंटाळले आणि नानांनी टीम घेतली. का घेतली ते देव जाणे. आयुष्यात त्यांनी हॉकीची स्टिक साप मारायलासुद्धा हातात धरली नसेल.

पहिल्या मीटिंगला ते आमच्या चेंजिंग रूममध्ये आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "यांच्यातलं गोल कोण करतं?"

फॉरवर्डच्या पोरांनी हात वर केले.

"आणि बाकीचे?"

आमचे कोच म्हणजे आबा. धुळ्याचे. एरवी शुद्ध बोलतात, पण घाबरले की थेट अहिराणीत घुसतात. ते म्हणाले, "बाकीना बठ्ठा अडावतस, नाना."

"म्हणजे यांच्यामुळे येत काही नाही. जे जायचं ते जात नाही, एवढंच?"

"हां... तसंच शे."

नानांनी मान हलवली. "ठीक आहे. पगारही तसाच देऊ."

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पहिल्या महिन्याचा पगार हातात आला आणि कळलं की नाना गंमत करत नाहीत.

*

आमचे वाचवलेले पैसे गेले कुठे? लकीकडे! लखविंदर, पंजाबचा. पेनल्टी कॉर्नरचा बादशहा. आम्हा बाकी सगळ्यांच्या पगाराची बेरीज केली तरी लकीचा पगार वर उरायचा. डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धगोलाच्या, टोकावर चेंडू आला की तो स्टिकने असा ओढून फेकायचा की आधी गोलमागच्या फळीचा 'धाड' आवाज यायचा आणि मग तुम्हाला कळायचं की चेंडू येऊन गेला. पोरगा स्वभावाने फार गोड. "विजू पाजी, डरना मत," असं म्हणून मारायचा.

माझ्या हेल्मेटची जाळी वाकलेली, पट्टा तुटलेला. तो मी सुतळीने बांधायचो. पॅडमधला फोम बसून बसून चपटा झालेला. घरी माझी बायको मंगल रोज माझे काळेनिळे डाग बघायची आणि म्हणायची, "तुम्ही सांगत का नाही हो त्यांना?" शेवटी एक दिवस धीर करून आबांना घेऊन नानांकडे गेलो.

"नाना, नवीन हेल्मेट पाहिजे. लकीचा चेंडू फार जोरात येतो."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "लकी आपलाच ना?"

"हो."

"मग तो तुला कशाला मारेल?"

प्रॅक्टिस नावाचा काही प्रकार असतो हे नानांना समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. आबांकडे पाहिलं, तर आबा छताकडे बघत होते.

*

लकी असूनही हरतोय म्हटल्यावर नानांनी नवीन पद्धत काढली. कामाप्रमाणे दाम! गोल केला की फॉरवर्डला बक्षीस. चेंडू अडवला की मला बक्षीस. आणि गोल झालाच नाही तर डिफेन्सला बक्षीस.

ऐकायला काय छान वाटतं! मॅच सुरू झाली. लकी कोणाला पास देईना. दुसरा फॉरवर्ड लकीच्याच स्टिकखालून चेंडू काढायला लागला. आमचा फुलबॅक किरण, दीपनगरचा, फार गुणी पोरगा. त्याने एक चेंडू माझ्यापर्यंत येण्याआधीच अडवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, सोड ना!"

सगळं मैदान माझ्याकडे वळून बघायला लागलं. आईशप्पथ, इतक्या वर्षांत चेंडू मी स्वतःहून मागितला तो तेवढाच एकदा! पुढचा चेंडू किरणने खरंच सोडला. तो येऊन माझ्या गुडघ्यावर आदळला. बक्षीस नको पण चेंडू आवर, अशी माझी गत झाली.

मॅच अर्थातच हरलो. नाना हिरमुसले. "सगळे जीव तोडून खेळले. मग हरलो कसे?"

आबा म्हणाले, "नाना, बठ्ठा एकमेकासना इरोधमा खेळनात!"

*

हॉकीच्या टर्फवर मॅचच्या आधी पाणी मारावं लागतं, नाहीतर चेंडू नीट पळत नाही आणि पडलं की कातडी सोलून निघते. त्यासाठी टँकर लागतो. नानांना हे कळल्यावर ते उडालेच. "इथं माझी बाग पाण्यावाचून करपतेय आणि तुम्ही सतरंजीला पाणी घालता?"

पण लीगचा नियम म्हटल्यावर नाना विचारात पडले. माणूस केळीवाला आणि जळगावचा. दुसरं काय सुचणार? त्यांनी बागेतून ठिबकच्या नळ्या आणल्या आणि अख्ख्या टर्फवर अंथरल्या! मॅचच्या आधी नळ्या गुंडाळल्या, तर हिरव्या टर्फवर ओल्याचे सरळ पट्टे. मधली जागा कोरडी ठणठणीत. समोरच्या कॅप्टनने अंपायरला विचारलं, "सर, यहाँ क्या बोया है?"

ओल्या पट्ट्यावर चेंडू बंदुकीसारखा सुटायचा, कोरड्यावर आला की थबकायचा, पुन्हा ओल्यावर सुटायचा. मी झेप घेऊन पडलो, उठलो, अंग झटकलं, तरी चेंडू यायचाच होता. आणि मग तो माझ्यासमोरून आत गेला. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. वर गॅलरीतून नाना ओरडत होते, "पण पाणी किती वाचलं बघा!"

*

नाना कोणालाही रागावून काढत नाहीत. त्यांची आपली एक रीत आहे. हिवाळ्यात ते माणसाला शेतावर भरीत खायला बोलावतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. पोटभर खाऊ घालतात, आग्रह करकरून वाढतात आणि हात धुवायला पाणी देताना हळूच म्हणतात, "उद्यापासून यायची तसदी घेऊ नका." मॅनेजर असा गेला, फिजिओ असा गेला. आमच्या टीममध्ये भरीत म्हटलं की पोरांचे चेहरे उतरायचे.

आणि एक दिवस मला फोन आला. "विज्या, रविवारी शेतावर ये. भरीत करतोय."

मंगल म्हणाली, "जाऊच नका. पोट बिघडलंय म्हणून सांगा." पण न जाऊन सुटका थोडीच होणार होती? गेलो. समोर ताट आलं. वास असा की मेलेला माणूस उठून बसेल, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. नाना म्हणत होते, "खा की! लाजतो काय?" मी पाण्याच्या तांब्याकडे बघत होतो. तो तांब्या उचलला की माझा पगार संपला.

नानांनी तांब्या उचलला. माझ्या हातावर धार धरली आणि म्हणाले, "लकीला काढायचंय. परवडत नाही. तू सांग त्याला. मला हिंदीत गोड बोलता येत नाही."

मी तसाच ओल्या हाताने पुन्हा ताटावर बसलो आणि तीन भाकरी खाल्ल्या!

*

लकीला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "पाजी, कोई बात नहीं, धुले वाले बुला रहे हैं।" धुळ्याच्या टीमला लकी हवा होता, पण एवढा पगार त्यांना झेपेना. नाना स्वतः बोलणी करायला गेले. तासाभराने विजयी मुद्रेने बाहेर आले.

"दिला! अर्धा पगार ते देतील."

आबांनी विचारलं, "आनि अर्धा?"

"अर्धा आपण. आमच्या धंद्यात माल पोचेपर्यंत अर्धं भाडं आमचंच असतं!"

म्हणजे लकी आता आमच्या पैशावर आमच्याच विरुद्ध गोल मारणार! आणि जो अर्धा पगार वाचला, त्यात माझं हेल्मेट येईल अशी मला वेडी आशा होती. त्या पैशांत टीमच्या बसवर नानांचा मोठा फोटो आला.

*

शेवटची मॅच धुळ्यात होती. लीगमध्ये जो सगळ्यात खाली राहील तो बाहेर, आणि सगळ्यात खाली कोण असणार हे काय सांगायला हवं? मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही वाचणार होतो. बस पारोळ्याच्या पुढे गेली आणि नाना सीटवरून उठले. म्हणाले, "लीगच्या बाहेर गेलो तर टीम बंद. मला केळीचा व्याप पुष्कळ आहे." आणि खाली बसले. किरणने हातातला वडापाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघत मंगलला काय सांगायचं याचा विचार करत होतो.

पण त्या दिवशी पोरं खेळली, हो! एकही गोल होऊ दिला नाही. मॅच शून्य-शून्यवर संपत आली. आणि शेवटच्या क्षणी अंपायरने हात दाखवला. पेनल्टी कॉर्नर. आमच्यावर. डीच्या टोकाला येऊन उभा राहिला लकी.

मी हेल्मेटची सुतळी पुन्हा आवळली. तेवढ्यात मागून कोणीतरी गोलची जाळी धरल्यासारखं वाटलं. वळून पाहतो तर नाना! वरून खाली उतरून थेट गोलच्या मागे येऊन उभे.

"विज्या, भ्या वाटतं का रे?"

"वाटतं, नाना."

"मले बी."

पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल मला माया वाटली. लकी ओरडला, "पाजी, डरना मत!" रेषेवरून चेंडू लकीकडे आला. लकी वाकला. मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन आडवा पसरलो.

छातीवर घण बसला. श्वास गेला. डोळे उघडले तेव्हा मी उताणा पडलो होतो आणि वर नुसतं आभाळ होतं. चेंडू माझ्या छातीवर आपटून उडाला होता आणि किरणने तो लांब टोलवला होता. शिट्टी झाली. बरोबरी! टीम वाचली! टीमची पोरं नाचत होती, आबा रडत होते. मला बोलता येईना, पण पडल्या पडल्या हसू आलं. आता नाना येणार, मला उचलणार, मिठी मारणार.

नाना धावतच आले. मी हात वर केला. नाना माझ्या अंगावरून ओलांडून पुढे गेले आणि त्यांनी लकीला मिठी मारली.

"काय मारलास रे! एवढा मोठा माणूस आडवा केलास! पुढच्या सीझनला तू पुन्हा आपल्याकडे. दुप्पट देतो!"

लकी गोंधळला. "नानाजी, पर इतना पैसा?"

"होईल रे. एखादा पगार कमी करू."

असं म्हणून नाना आमच्या टीमकडे वळले आणि एकेकाकडे बघायला लागले. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. किरण खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. कोणी रिकामी बाटली तोंडाला लावली. बघत बघत नानांची नजर माझ्यापर्यंत आली.

मी कोपरावर जोर देऊन उठायला लागलो होतो. आबा घाईघाईने माझ्याशेजारी बसले, माझ्या दुखऱ्या छातीवर हात ठेवला आणि मला पुन्हा खाली दाबलं.

"उठू नको, भो," ते कानाशी पुटपुटले. "पडेलच ऱ्हाय!"