हाउन्सलोच्या थांब्यावरची चौकशी

ते प्रकरण डोक्यातून जात नाही. गुन्हा नव्हता, कुठे नोंदही नाही. हवालदारकीतून सुटून पोराकडे लंडनात, हाउन्सलोला आलो, तिथलं.

बायकोबरोबरचा शेवटचा साधा दिवस बाजारातला. मेथी घेऊन बसने घरी येत होतो. "एवढी कोण निवडणार?" मी म्हणालो. "तुम्ही. पेन्शनीत दुसरं काम काय?" त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

क्रियाकर्म उरकलं. एकट्यानं बसला हात केला. ड्रायव्हर गुजराती, ओळखीचा. "काका, मासी कुठे? ती म्हातारी पंजाबी बा रोज स्टॉपवर उभी असते. बस आली की मागे सरते, चढतच नाही."

खबर मिळाली की पोलीस बसून राहत नाही. थांब्यावर गेलो. म्हातारी काठी धरून बाकावर. मी खाकी हिंदी काढली, "किधर जाना है? बस में क्यूँ नहीं चढती?"

"तू कौन? थानेदार?"

"हवालदार."

"तो बैठ जा पहले."

बसलो. साक्षीदारानं मला बसवलं, असं नोकरीत कधी घडलं नव्हतं.

दमानं घेतलं तेव्हा जबाब आला. गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जायचं. एकदा बसायच्या आत बस सुटली, म्हातारी आपटली. तेव्हापासून धसका. मग एक बाई भेटली. "एक पाँव अंदर, एक बाहर. ड्राइवर चिल्लाए, वो हिले नहीं. मैं बैठूँ, तब आए." आता व्यायाम चुकतोय, पाय आखडत चाललाय.

ती बाई म्हणजे माझी बायको. मला "फिरून येते" सांगून जायची, ती इथं.

आम्ही गोंड. आमच्या बाजाराच्या एसटीत म्हातारी माणसं चढायच्या आत कंडक्टर घंटी मारायचा. आदिवासी पडला तरी तक्रार करत नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून तरण्या बायका दारात पाय रोवून उभ्या राहायच्या. म्हातारं बसलं की पाय उचलायचा. हिनं तेच इथं केलं. मला सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, परक्या मुलखात दादागिरी नको.

"वो मेरी घरवाली," मी सांगितलं.

"कब आएगी?" म्हातारीनं विचारलं.

"नहीं आएगी."

तिनं माझा हात धरला. बस आली, गेली.

इतकी वर्षं लोकांना दरडावलं. माणूस जागचा हलत नाही तो अडेल नसतो, बहुतेक वेळा कधीतरी आपटलेला असतो. हे उशिरा शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला आधी चढवलं आणि दारात पाय रोवला.

"काका, दरवाजा," ड्रायव्हर म्हणाला.

"बसू दे तिला."