गणपतीच्या हिशेबातली तूट

ते प्रकरण आठवलं की आजही हसू आवरत नाही, आणि थोडा रागही येतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी लखनऊत, अलीगंजकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहरात मराठी घरं मोजकीच, बहुतेक सरकारी नोकरीतली. विसर्जन होऊन पंधरवडा झाला असेल. त्यांच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष आणि सचिव सकाळीच लेखी तक्रार घेऊन हजर झाले.

"आठशे बावन्न रुपये कमी आहेत. पेटी खजिनदाराकडे असते. एफआयआर घ्या," अध्यक्ष म्हणाले. रेल्वेत इंजिनिअर होते, हुकूम सोडायची सवय.

खजिनदार म्हणजे केंद्र सरकारच्या कार्यालयातला कारकून. गुन्हा नोंदला की त्याचं निलंबन ठरलेलं. म्हणून मी आधी त्याला नुसतं चौकशीला बोलावलं. नवरा-बायको दोघंही आली. तो घामाघूम.

"साहेब, कुठं चुकलं तेच कळत नाही. पगारातून थोडे थोडे करून भरतो, पण केस नको."

आमचे हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी लागले, "हुज़ूर, क़बूल कर लिया."

बायको भडकली. "काय क़बूल केलं, भैया? सब्जीचे उरलेले चार आणेसुद्धा हे माझ्या हातावर ठेवतात!"

पैसे खाल्लेला माणूस आकड्यावरून घासाघीस करतो, असा माझा अनुभव. हा तर आकडा न तपासताच भरायला निघाला होता. मी अध्यक्ष-सचिवांना समोर बसवलं आणि म्हटलं, "जमेची एकेक बाब सांगा. पैसे कोणी, कोणाच्या हातात दिले तेही सांगा."

वर्गणी जुळली. जाहिराती जुळल्या. मग आला लिलाव. मूर्ती निघण्याआधी देवापुढच्या नारळाचा आणि मोदकांचा लिलाव व्हायचा. खजिनदार तेव्हा बाहेर ट्रक लावून घेत होता. बोलीचे आकडे सचिवांनी परस्पर जमेत धरले होते.

"नारळ कोणी घेतला?"

"मीच. पाचशे एकला," अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले.

"आणि मोदक?"

"मी," सचिव म्हणाले. "तीनशे एक्कावन्न."

"पैसे दिलेत?"

"अहो, बोलीचे पैसे पुढच्या गणपतीपर्यंत द्यायचे असतात," अध्यक्ष म्हणाले. "आपली पद्धतच आहे ती!"

बोलून झालं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सचिव छताकडे बघू लागले. खजिनदाराची बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. अध्यक्षांनी घाईघाईनं पाकीट काढलं, तर त्यात साठ-सत्तर रुपये.

"असू द्या, साहेब," खजिनदार त्यांना म्हणाला, "पुढच्या गणपतीपर्यंत चालतं."

तक्रार मागे घेतली गेली, मी सगळ्यांना चहा पाजला. पुढे अफरातफरीच्या अनेक तक्रारी आल्या. पैसे गेले कुठे, हे विचारण्याआधी ते आले होते का, हे मी विचारायला लागलो. पण मनाला लागलं ते वेगळंच. नोकरीच्या भीतीनं एक सरळ माणूस न केलेल्या चोरीची भरपाई करायला निघाला होता. कुणी "मी भरतो" म्हणालं, तर ती कबुली समजून लिहायला घेऊ नका, असं मी निवृत्त होईपर्यंत ठाण्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला बजावत राहिलो.